सर्व्हर व्यस्त नव्हता

बुलडाण्यातल्या आमच्या शिक्षणसंस्थेची वेबसाइट मी एकट्याने बांधली. आधी मी तिथेच कारकून होतो. संगणक शिकलो, प्रोग्रामर झालो. त्याचा मला फार अभिमान होता.

वेबसाइटवर जिथे जिथे काही बिघडू शकतं, तिथे तो बिघाड पकडून समोरच्याला काय झालं ते सांगणारा कोड लिहावा लागतो. मी तशा आठ ओळी एकदाच लिहिल्या. त्या दिवशी सर्व्हरवर खरोखर ताण होता, म्हणून संदेश टाकला, 'सर्व्हर व्यस्त आहे, नंतर प्रयत्न करा.' मग त्याच आठ ओळी उचलून प्रवेश, दाखले, वसतिगृह अशा साठेक ठिकाणी चिकटवल्या. कोणाची तारीख चुको, कोणाचा कागद जोडायचा राहो, उत्तर एकच. हे सगळं एका जागी आणून नीट करायला हवं, हे कळत होतं. संस्थेचे सचिव म्हणायचे, "चालून राह्यलं ना बे? मंग काऊन हात लावतं?" मीही तेवढ्यावर गप्प बसायचो.

यंदा वसतिगृहाच्या अर्जाची मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी डोणगावहून एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलीला इथे अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला होता. वसतिगृह नाही तर कॉलेज नाही, असा घरचा निर्णय होता.

"तीन दिवस कॅफेत बसलो साहेब. सर्व्हर बिझी हाय म्हणते. माह्या पोरीच्याच फॉर्मले बिझी राहते का हो तो? बाकीच्यायचे तं भरून राह्यले!"

मी म्हणालो, "शेवटी शेवटी गर्दी होते, बाई."

काही न तपासता म्हणालो. त्याबद्दलचा स्वतःवरचा संताप अजून जात नाही. बाई हलेनात, म्हणून त्या आठ ओळी बाजूला काढून मुलीचा अर्ज भरून पाहिला. खरं कारण लगेच पडद्यावर आलं: फोटोची फाइल मर्यादेपेक्षा मोठी. ती मर्यादा मी अर्जावर कुठे लिहिलीही नव्हती. पाच मिनिटांत फोटो लहान झाला असता.

दोघींना घेऊन मी वसतिगृहाच्या अधीक्षिकांकडे गेलो. त्या म्हणाल्या, "मुदतीत प्रयत्न केल्याची नोंद दाखवा. लगेच घेते." नोंद नव्हती. माझ्या ओळी बिघाड पकडायच्या आणि गिळून टाकायच्या. कोण आलं, काय अडलं, काहीच मागे उरत नव्हतं. "मग उद्या कोणीही येऊन असंच म्हणेल," अधीक्षिका म्हणाल्या. त्यांचं चूक नव्हतं.

मी लेखी कबुली द्यायचं ठरवलं. सचिव भडकले. "सोताच्या अंगावर काऊन घेतं बे? सर्व्हर व्यस्त होता, लिहून टाक!"

तेच वाक्य. माझंच. मी खरं ते लिहिलं, सही केली आणि ती कबुली मुलीच्या अर्जासोबत अधीक्षिकांच्या टेबलावर ठेवली.

निर्णय येईपर्यंत कोडला हात घातला. साठ जागच्या ओळी काढल्या, सगळे बिघाड एकाच ठिकाणी आणले. आता प्रत्येकाची नोंद राहते आणि काय चुकलं ते माणसाला साध्या मराठीत कळतं. दोन दिवस लागले. फक्त दोन! वर्षानुवर्षं 'वेळ नाही' म्हणत होतो ते काम.

यादी लागली. मुदतीत आलेल्या अर्जांनीच जागा भरल्या होत्या. मुलीचं नाव नव्हतं. बाई तिचा दाखला परत न्यायला आल्या. मेहकरला आर्ट्सला नाव घालणार होत्या. मुलगी दाराशी उभी राहिली, आत आली नाही. मी माझ्या कबुलीची प्रत बाईंपुढे धरली. त्यांनी ती पूर्ण वाचली.

"याच्यानं भेटते का आता सीट?"

"नाही."

"मंग ठेवा तुमच्यापाशीच," त्या म्हणाल्या, आणि दाखला पिशवीत घालून निघाल्या.