मले 'हॅव' नाई

"तुले हॅव नाई. तुले हॅव टू," इंग्रजीचे गुरुजी म्हणाले आन् माह्या वहीवर लाल पेन्सिलीनं फुली मारली. सारा वर्ग हासला.

अहेरीच्या शाळेत मी तवा एकवीस वर्साचा घोडा. आमच्या जंगलातल्या गावातून मॅट्रिकले बसणारा पयलाच. पास झालो असतो तर कारकुनी भेटली असती. पण परीक्षेच्या फारमावर या गुरुजीची सही लागे.

त्या दिवशी 'हॅव' चालू होतं. हॅव म्हणजे जवळ असणं. ज्यानं त्यानं एक वाक्य लिहाचं. ठेकेदाराच्या लेकानं घड्याळ लिहिलं, दुकानदाराच्या लेकानं सायकल. मी लिहिलं, 'आय हॅव लँड.' आज्यानं झाडं तोडून केलेली धानाची बांधी होती आमची. खोटं काय लिहिलं? अक्षरातही चूक नव्हती.

गुरुजीनं विचारलं, जमिनीचा पट्टा, सरकारी कागद, कुठी आहे? नव्हता. मंग म्हणाले, जंगल सरकारचं, तुमी राहता मेहेरबानीवर. हॅवपुढं टू लागला का अर्थ बदलते, 'करा लागते' असा होते. तो तुमचा. दौऱ्यावरच्या सायबाचं बिस्तर डोक्यावर घेऊन पुढच्या गावी पोचवा लागते ना? तेच शंभर वेळा लिहून आण, मंग सही देतो.

घरी बाप म्हणाला, "लिहून टाक ना बाबू. दोन अक्षरानं काय जाते?" फुकटचं वझं वाहून वाहून त्याच्या टाळूवरचे केस गेले होते. मी लिहाले बसलो. 'आय हॅव टू कॅरी.' अकरा ओळी झाल्या. मंग लय राग आला. गुरुजीचा नाई, माह्या हाताचा. असं वाक्य लिहितानाही अक्षर इतकं सुबक काऊन येऊन राह्यलं होतं?

दुसऱ्या दिवशी अकराही ओळी खोडून वही टेबलावर ठेवली. म्हटलं, "लिहिणार नाई."

सही भेटली नाई. मॅट्रिक राह्यली ते राह्यलीच. बांधी जंगल खात्यानं घेतली, तिच्यात सागाची रोपं लागली. बाप वझं वाहतच मेला. माह्या नाई म्हणण्यानं कोणाचंच भलं झालं नाई, हे मले पक्कं माहीत आहे.

हॅवचा तिसरा उपयोग पुढं एका फाटक्या व्याकरणाच्या पुस्तकात सापडला. हॅवच्या मागून झालेलं काम आलं, 'आय हॅव सेड' म्हणजे 'म्हटलं आहे', का ते झालंच, माघारी फिरत नाई. आताही सायबाचा माणूस बोलवाले येते. मी खाटेवरून उठत नाई. नाई म्हटलं आहे. मारा, घर पाडा. वझं उचलत नाई.