भुताला भाषण नव्हतं

मशीन किंचाळलं. मी धावत जाऊन स्टॉप दाबला, पण तोवर टेप वाचणाऱ्या हेडवर चॉकलेटी चिखल साचलेला. आवाज ऐकून नीरज केबिनमधून बाहेर आला. नीरज म्हणजे आमचा बॉस. वयाने माझ्या मुलाएवढा, पण बॉस तो बॉस.

"सावंतकाका, गेली का टेप?"

"गेली नाही. आणखी थोडी चालली असती तर मात्र बसलो असतो बोंबलत."

मी व्हिडिओ इंजिनियर. सगळी नोकरी टेप चालवण्यात गेली. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून परळला एका जुन्या मिलच्या आवारातल्या या स्टुडिओत येतो. जुन्या टेप डिजिटल करायचं काम. टेप म्हणजे काय, तर प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर गंजासारखी बारीक पूड, आणि ती पूड धरून ठेवायला गोंद. आपल्या मुंबईच्या दमट हवेत हा गोंद वर्षानुवर्षं ओलावा पितो आणि चिकट होतो. मग टेप फिरायच्या ऐवजी हेडला मिठी मारते आणि पूड खरवडून निघते. पूड गेली की चित्र गेलं, आवाज गेला, सगळंच गेलं.

यावर एक उपाय आहे, बेकिंग. टेप खरोखर भट्टीत ठेवायची, अगदी मंद उबेवर. ओलावा उडतो आणि टेप काही दिवस शहाण्यासारखी वागते. पण एकदाच नीट चालेल या हिशेबानेच मशीनवर चढवायची. बायको म्हणते, घरी कधी पापड भाजला नाहीत आणि ऑफिसात टेपा भाजता. म्हणू दे.

ही टेप साधी नव्हती. दादरच्या एका दिग्दर्शकाच्या माळ्यावर सापडलेली. ते गेले, घर पुनर्विकासाला निघालं, तेव्हा मुलाने खोकं आमच्याकडे आणून दिलं. दादरमध्येच एका छोट्या हॉलमध्ये जुन्या टीव्ही नाटकांचा कार्यक्रम ठरला होता, त्यात हे दाखवायचं होतं. त्या काळी टेप महाग, त्यामुळे टीव्ही केंद्रावर एकावर दुसरं रेकॉर्ड करत. मूळ टेप कधीच पुसली गेली होती. जगात हीच एक कॉपी.

लेबलवरचं नाव वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. अहो, हे ते भुताचं नाटक!

आमच्या लालबागच्या चाळीत तेव्हा एकाच घरी टीव्ही. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरवाला. नाटकाच्या दिवशी त्या दारात चपलांचा ढीग, आत पोरं जमिनीवर, बायका कॉटवर, पुरुष गॅलरीत उभे. नाटकात एक प्रोफेसर. त्याचा लॅब असिस्टंट वारलेला. प्रोफेसरच्या ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेची लाट रेघेत दाखवणाऱ्या यंत्रावर, असिस्टंटच्या रिकाम्या खुर्चीसमोर हृदयाचे ठोके उमटायला लागतात. प्रोफेसर भूतबीत मानणारा नाही. तो वायर बदलतो, अर्थिंग तपासतो, लीकेज शोधतो. शेवटी मेन स्विचच बंद करतो. अंधार होतो. तरी रेघ चालूच. प्रोफेसर थरथरत्या हातांनी चाचपडत कंदील लावतो आणि उजेडात पाठमोरी आकृती दिसते.

आई गं! त्यानंतर कित्येक दिवस मी गॅलरीच्या टोकाच्या संडासात एकटा गेलो नाही. खरं सांगायचं तर मी इंजिनियर झालो तो त्या रेघेपायी. मेन बंद केल्यावर रेघ कशी चालेल, हा प्रश्न डोक्यातून जाईना.

टेप भट्टीत होती तेव्हा शुभदा परब आल्या. पन्नाशीच्या, बँकेत अधिकारी. कार्यक्रमाची बातमी त्यांना व्हॉट्सअॅपवर कळली होती.

"या नाटकात माझ्या वडिलांनी काम केलंय," त्या म्हणाल्या. "भुताचं. मिलमध्ये होते ते, कामगार रंगभूमीवर नाटकं करायचे. मी पाळण्यात होते तेव्हा कावीळ होऊन गेले. फोटो आहेत माझ्याकडे. आवाज नाही. मी त्यांचा आवाज कधी ऐकलेलाच नाही हो."

मी भट्टीकडे बघायला लागलो. कारण मला चांगलं आठवत होतं की भूत एक शब्दही बोलत नाही. तोंडसुद्धा दाखवत नाही. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझी जीभ रेटेना. "बघू या, टेप चालू दे आधी," म्हटलं.

टेप चालली. पहिल्याच फेरीत, एकदाही न अडखळता. जीव भांड्यात पडला. चित्रात थोडी मुंग्यांची रांग होती, ती काढली. आवाजात मात्र एक त्रास होता. प्रत्येक वाक्याच्या थोडं आधी तेच वाक्य बारीक कुजबुजल्यासारखं ऐकू येई. नीरज घाबरला.

"काका, हॉन्टेड आहे काय ही टेप?"

"अरे, प्रिंट-थ्रू म्हणतात याला," मी हसलो. टेप गुंडाळून वर्षानुवर्षं पडली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, ओल्या शाईचं पान मिटल्यावर समोरच्या पानावर उमटावं तसा. मग वाक्य यायच्या आधीच त्याची सावली ऐकू येते. भुताटकी नाही, भौतिकशास्त्र. नीरजला मी तेवढ्यात लेक्चर झोडून घेतलं. मग एकेक कुजबुज शोधून साफ करत बसलो; जिथे कोणी बोलत नाही त्या जागा तर न ऐकताच सरसकट कोऱ्या केल्या. काम इतकं सुरेख झालं की माझं मलाच कौतुक वाटलं.

शुभदाताईंना बोलावलं. त्यांनी पूर्ण नाटक बघितलं. शेवटी पाठमोरी आकृती आली आणि गेली. पडद्यावर नावं सुरू झाली.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच काम आहे हो भुताचं."

"बोलत नाहीत?"

"नाही."

त्यांनी मान हलवली, थँक्यू म्हणाल्या, पर्स उचलली. जिना उतरताना मध्येच उभ्या राहिल्या, मग गेल्या. मला फार वाईट वाटलं. एवढा तंत्रज्ञ म्हणून मिरवतो आणि एका बाईला बापाचा एक शब्द देता येत नाही!

म्हणून मी पुन्हा मूळ फाइल उघडली. साफ न केलेली. ती कधी पुसायची नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. म्हटलं, निदान त्या आकृतीचा खोकला, पावलाचा आवाज, काहीतरी सापडेल. हेडफोन लावून शेवटचा प्रवेश ऐकायला लागलो. मेन स्विच बंद. अंधार. प्रोफेसर गप्प. आणि त्या गप्पपणात कुजबुज आली, चांगली चिडलेली:

"अहो अप्पा, दिवा! दिवा लावा आधी! वाक्य मागाहून!"

मी टेबलाला धरून बसलो. हे वाक्य नाटकात कोणी बोलतच नाही. सावली पडायला आधी माणूस तरी पाहिजे ना! मग प्रिंट-थ्रू कसलं?

डोकं ताळ्यावर आलं तशी बाकीची कुजबुज तपासली. प्रिंट-थ्रूची सावली किती आधी पडते हे टेपच्या वेढ्यावर ठरतं. वेढा लहान होत गेला की अंतर हळूहळू कमी होतं, पण नियमात. इथे कुजबुज वाटेल तशी होती. कधी लगेच, कधी केव्हाची आधी, कधी तेच वाक्य दोनदा. हे मी पहिल्याच दिवशी मोजायला हवं होतं. हा प्रॉम्प्टर होता! सेटच्या मागे उभा राहून वाक्यं पुरवणारा जिवंत माणूस, आणि मी त्याला नॉइज म्हणून पुसून काढला होता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पण हा माणूस कोण? परबच कशावरून? सांगू शकणारी एकच व्यक्ती होती, शुभदाताईंची आई. मी फोन केला. उगाच आशा लावायची नव्हती, म्हणून म्हटलं, "खात्री नाही, पण आईंना घेऊन या."

आई आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, नऊवारी, कानाला यंत्र. मी यंत्र काढायला लावलं, हेडफोन चढवला आणि आवाज वाढवला. आधी साधी वाक्यं ऐकवली. त्यांचा चेहरा कोरा. शुभदाताई माझ्याकडे बघेनात. मग मी तो अंधाराचा प्रवेश लावला.

म्हातारी ताडकन सरळ बसली. आणि खो खो हसायला लागली.

"अगो, तेंचोच आवाज ह्यो! असोच खेकसायचो घरात!"

हसता हसता डोळे पुसत त्यांनी सगळं सांगितलं. प्रोफेसर झालेले अप्पा रंगभूमीवरचे मोठे नट, पण पाठांतराच्या नावाने शंख. स्टेजवर परब त्यांचे कायमचे प्रॉम्प्टर. टीव्हीवर प्रॉम्प्टर चालत नाही असं केंद्राने बजावलं, तर अप्पा म्हणाले, परब नाही तर मी नाही. मग दिग्दर्शकाने शक्कल लढवली आणि परबांना नाटकातच घेतलं.

"भुताक भाषण नाय," आई म्हणाल्या, "म्हणान तोंड मोकळा ऱ्हवला. शेवटाक येवन उभो ऱ्हवलो की झाला."

म्हणजे ज्या चाचपडण्याने आमची अख्खी चाळ गारठली, तो प्रोफेसरचा थरकाप नव्हताच. अप्पांना कंदील आठवत नव्हता! मी डोक्याला हात लावला.

शुभदाताईंनी आईच्या कानावरचा हेडफोन घेतला. मी तेच वाक्य लावलं. त्यांनी परत लावायला सांगितलं. परत. मग त्या म्हणाल्या:

"माझ्यावर कधी ओरडायला मिळालं नाही त्यांना."

आईने लेकीच्या पाठीवर हात ठेवला. मी मशीनच्या बटणांत काहीतरी शोधत बसलो. मलाही रडू आलं होतं, आता लपवायचं कशाला.

कार्यक्रमाला कोणती कॉपी द्यायची यावरून नीरजशी वाजलं.

"काका, साफ केलेलीच जाणार. लोक म्हणतील स्टुडिओचं काम कच्चं आहे."

"म्हणू देत."

"नाव माझं खराब होईल."

"एकदा हेडफोन लाव, मग बोल."

त्याने लावला. बराच वेळ लावून बसला. मग म्हणाला, "सुरुवातीला एक पाटी टाका. प्रॉम्प्टर, बाळकृष्ण परब."

दादरच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत परब मायलेकी होत्या. कुजबुज सुरू झाली तशी लोकांत चुळबुळ झाली, मग कान टवकारले गेले. मागे एक आजोबा शेजाऱ्याला सांगत होते, आमच्या वेळी असंच असायचं. अंधार झाला, "अहो अप्पा, दिवा!" आलं आणि अख्खा हॉल हसला. टाळ्या पडल्या. शुभदाताई मागे वळून बघत होत्या, कोण कोण हसतंय ते. मग कंदील लागला, पाठमोरी आकृती दिसली. त्यांनी आईला कोपराने ढोसलं आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आई, बाबा!"

आवाज साफ करायचं काम मी अजून करतो. फक्त काही पुसायच्या आधी एक प्रश्न विचारतो, हा कुणाचा आहे? बहुतेक वेळा तो पंख्याचा असतो.