तात्यांना दर रविवारी सांगितलेली गोष्ट

मी शाळामास्तर. कुणी भुताची गोष्ट काढली की "चल, दाखव" म्हणून उठणारा माणूस. त्यामुळे हे लिहायची लाज वाटते... पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

सांगलीहून कृष्णेच्या काठानं गेलं की हरिपूर लागतं. तिथं हळद जमिनीखाली पेवात साठवतात – वर माणूस उतरेल एवढंच तोंड, खाली खोलीएवढी पोकळी. पेव उघडलं की आत कोंडलेली हवा जीव घेते. म्हणून आधी तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं पेटता कंदील सोडायचा. तो विझला तर कुणी उतरायचं नाही. हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

माझे वडील, पांडू, हळदीचे व्यापारी तात्या यांच्या पेवांवर कामाला होते. मी आठ वर्षांचा असेन. त्या दिवशी गाड्या जुंपून उभ्या होत्या, तात्यांना घाई होती. वडिलांनी विचारलं, "मालक, कंदील सोडला का?"

"मगाशीच. जळतोय झकास. उतर."

वडील उतरले, ते पुन्हा बोललेच नाहीत. लोक त्यांना वर ओढत होते तेव्हा मी तात्यांच्या पायाशी पडलेल्या कंदिलाला हात लावला. काच थंडगार होती. वात कोरी होती.

आई मला घेऊन माहेरी, कोरेगावला आली. तिथं मी दोनच गोष्टी जपल्या – वडिलांचा चेहरा आणि तात्यांचं ते "उतर".

दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी मी मुद्दाम सांगलीत नोकरी धरली आणि आईला घेऊन राहायला आलो. तात्यांना चारचौघांत जाब विचारायचा, एवढाच बेत. हरिपूरला गेलो तर म्हातारा सोप्यात घोंगड्यावर बसलेला.

"पांडू आला न्हाई अजून? उद्या पेव उघडायचंय."

त्यांची सून कपाळाला हात लावून हसली. "असंच चाललंय बघा, मास्तर. आत्ताचं काय बी डोक्यात ऱ्हात न्हाई. जुन्यातच फिरत्यात."

ती चहा टाकायला आत गेली. मी वाकून तात्यांच्या कानात सांगितलं, "पांडू मेला, तात्या. तुम्ही कंदील न सोडता त्याला उतरवलंत."

"म्या?" त्यांनी माझा हात धरला. "कवा? आरं, लेकावानी हाय त्यो मला!" आणि म्हातारा छाती बडवून रडायला लागला. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवलो.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. "मास्तर, पांडू वाटंत दिसला का वो?" त्यांना काहीच आठवत नव्हतं. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे कोसळले. फाशी माणसाला एकदाच देता येते... मला ती दर आठवड्याला देता येत होती.

सून म्हणायची, "तुमच्याबिगार कोन येतंय सांगा! पन तुमी गेल्यावर लय रडत्यात. काय बोलता वो एवढं?"

"जुन्या गोष्टी," मी म्हणायचो.

वर्षभर हे चाललं. मग उन्हाळ्यातली एक दुपार. मी बसलो, तोंड उघडणार तोच तात्या हळूच म्हणाले, "बाळ्या, मडक्याचं आईला सांगितलं न्हाईस न्हवं?"

बाळ्या मला फक्त वडील म्हणायचे. वडील गेले त्या सकाळी त्यांच्या हातून दह्याचं मडकं फुटलं होतं. आम्ही दोघांनी खापऱ्या नदीच्या वाळूत पुरल्या होत्या. हे मी आजवर कुणाला, अगदी आईलाही, सांगितलेलं नाही.

तात्या बोलतच होते. आवाज त्यांचा, पण बोलण्याची ती संथ ढब वडिलांची. "वर उजेड दिसतुया रं. हात उचलंना. तू काठावरनं मागं हो, पडशील."

"तात्या!" मी ओरडलो.

"तात्या तितं वर हाय. त्योच म्हनला उतर." आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

मी पळालो. त्याच आठवड्यात ते वारले.

त्या दुपारी घरी जाताना मी मनाशी वडिलांचा चेहरा आणायला गेलो... आणि तो नव्हता. त्यांच्या जागी तात्यांचं बोळकं तोंड. पेवाच्या काठावर उभा राहून "जळतोय झकास, उतर" म्हणणारा माणूस मात्र स्पष्ट दिसला. चष्मा, पिकायला लागलेली मिशी. तो मी होतो.

आईला विचारलं, बा कसा दिसायचा? ती खुलली. "उंच व्हता. सावळा. हसला की एक डोळा बारीक व्हायचा." ऐकताना चेहरा अगदी समोर आला. सकाळी उठलो तर पुसलेला. पुन्हा विचारलं. "आरं, काल तर सांगितलं की रं!" म्हणत तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा गेला. डॉक्टर म्हणतात, तुमची स्मरणशक्ती ठणठणीत आहे. खरंच आहे – शाळेतल्या सगळ्या मुलांची नावं मला पाठ आहेत. ही एवढीच जागा कोरी का राहते, ते डॉक्टरांना कळत नाही. मलाही नाही.

परवा आई माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "आता नगं विचारू, बाळा. त्याचं तोंड आठवाया गेलं की हळदीनं माखल्यालंच दिसतंय. दर डावाला मला त्याला त्या पेवातनं वर काढावं लागतंय."

आज सकाळी मी तिला पुन्हा विचारलं.