गव्हाच्या डब्यातले भुंगे

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी गव्हाच्या डब्यात किडे सापडले. मेट्रो यायच्या आधीची ही गोष्ट. गहू खालच्या मजल्यावरच्या पंजाबी मावशींकडून घेतलेला. त्यांच्या भावाची पानिपतजवळ शेती होती आणि बैसाखीनंतर आमचं वर्षाचं पोतं तिथूनच यायचं.

आईने निकाल लगेच दिला. गहू किडका निघाला, उरलेला परत न्यावा, पुढच्या वर्षी पोतं नको, असं ती खाली जाऊन सांगून आली. पाठोपाठ मावशी वर आल्या. माहेरच्या गव्हाला नाव ठेवलेलं त्यांना लागलं होतं. त्या चहाला नको म्हणाल्या. हे पूर्वी कधी घडलं नव्हतं.

वडील केंद्र सरकारच्या धान्य साठवणुकीच्या खात्यात होते. गोदामं तपासणं हेच त्यांचं काम. घरातल्या डब्याला मात्र आई त्यांना हात लावू देत नसे. त्या दिवशी दिला. त्यांनी ताटात मूठभर गहू पसरला आणि भिंग घेऊन बाल्कनीत बसले. गव्हात बहुधा सोंडे होतात, त्यांना पुढे सोंड असते, ते म्हणाले. याला सोंड नव्हती. अंग फुगीर, तपकिरी. पंख इतके आखूड की मागचा भाग उघडा. गव्हाचा एकही दाणा पोखरलेला नव्हता.

"अगं, हा कडधान्यातला भुंगा आहे. गव्हावर तो जगत नाही. डब्यात आणखी काय ठेवलंयस?"

कोपरापर्यंत हात घालून आईने तळातून एक पुरचुंडी काढली. मे महिन्यात अलिबागहून आणलेले कडवे वाल. दिल्लीत ते मिळत नसत. आम्ही लगेच फस्त करू नयेत म्हणून तिने ते गव्हात पुरले होते, आणि विसरली होती. वालांना गोल भोकं पडली होती.

मावशींनी पुरचुंडीत डोकावून पाहिलं.

"बहनजी, गेहूँ हमारा, कीड़े आपके."

आई आधी हसली, मग तिने माफी मागितली. मावशींनी चहा मागितला, साखर जास्त घालून.

गहू चाळून उन्हात घातला. चांगले वाल निवडून त्यांना मोड आणले, त्यांचं बिरडं झालं आणि एक डबा खाली गेला. तो राजमा भरून परत आला. पुढच्या बैसाखीनंतर पोतं आलं.