'येतो' म्हटलं की मिटणारं कार्ड

जबलपूरची मराठी माणसं तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. लग्नाचं बोलावणं असो की सत्यनारायणाचं, 'हो हो, येतो ना' हे ठरलेलं. येणं न येणं त्या दिवशीच्या कामावर. यात कोणाला खोटं वाटत नाही, उलट नकार देणारा माणूस तुसडा ठरतो. विनीता याच लोकांत वाढली होती, तरी नेमकं हेच विसरली.

विजय नगरातल्या एका छोट्या ऑफिसात ती वेबसाइट बनवायची. तिचा हातखंडा एकाच गोष्टीत होता: पडद्यावर एखादी चौकट यावी कशी आणि जावी कशी. धाडकन आलेलं तिला खपत नसे, धाडकन गेलेलं तर मुळीच नाही. जाणारी चौकट आधी फिकी पडे, मग अंग आवळून घेई, आणि खालच्या चौकटी तिच्या जागेवर अलगद सरकत. "काय गेलं ते बघणाऱ्याला कळलं पाहिजे," असं ती म्हणे. अर्ध्या सेकंदाच्या त्या हालचालीसाठी ती दुपार दुपार घालवी, आणि सहकारी तिला हसत.

गढा भागातल्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब यांनी तिच्याकडून रक्तदात्यांचं पान करून घेतलं. रक्त हवं असणाऱ्याचं कार्ड पानावर येई, खाली 'येतो' असं बटण. पहिल्या माणसाने ते दाबलं की कार्ड मिटे, म्हणजे त्या घरी उगाच चाळीस फोन नकोत. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मंडळाने टाळ्या वाजवल्या.

मुरलीधर, तिचे वडील, टाळ्या न वाजवता बसले होते. तोफगाडीच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. घरी आल्यावर म्हणाले, "बटन दाबलं म्हणजे माणूस आला काय वं? आमच्याकडे गेटवर टोकन टाकल्याबिगर हजेरी नाही लागायची."

"बाबा, हा कारखाना नाही," ती हसून म्हणाली.

मार्चमध्ये एका दुपारी मुरलीधरांना रक्ताची उलटी झाली. पोटातली जखम फुटली होती. डॉक्टर म्हणाले, बी निगेटिव्ह लागेल, आमच्याकडे एकच बाटली आहे, संध्याकाळपर्यंत सोय करा. विनीताचं रक्त बी पॉझिटिव्ह. एवढ्याशा फरकाने पोटची पोर बापाच्या कामाची राहिली नाही. तिने मोबाइलवरून कार्ड टाकलं. ते खालून अलगद वर आलं, आणि दोन मिनिटांत फिकं पडून मिटलं. कोणीतरी येतंय! तिने देवाला हात जोडले.

एक तास गेला, कोणी आलं नाही. तिने नोंद उघडली. बटण खुद्द भय्यासाहेबांनी दाबलं होतं.

"काका, निघालात ना?"

"अगं बेटा, मला तर शुगर आहे, माझं रक्त कोण घेते? मुरलीधरचं नाव दिसलं, आता नाही कसं म्हणू? मी पाठीशी आहे, इतकंच सांगून राहिलो होतो."

तिने कार्ड पुन्हा टाकलं. पुन्हा मिटलं. या वेळी दाबणारे होते रायपूरला गेलेले एक गृहस्थ. तिसऱ्यांदाही तेच. प्रत्येक वेळी ते इतक्या सुंदर रीतीने मिटत होतं की तिला मोबाइल फरशीवर आपटावासा वाटला. स्वतःच्या हातांची तिला किळस आली.

मग वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून तिने ते मिटणंच काढून टाकलं आणि चौथ्यांदा कार्ड टाकलं. कार्ड आता जागचं हलेना. साडेचारला फोन वाजला. भेडाघाटला संगमरवराच्या मूर्ती घडवणारी लतिका बोलत होती.

"दीदी, मी बी निगेटिव्ह आहे. दुपारीच पान उघडलं होतं, पण तुमचं कार्ड माझ्या डोळ्यांसमोर मिटलं. म्हटलं, चलो, सोय झाली. आता पाहते तर अजून आहेच. निघून राहिली मी."

लतिका पावणेसहाला पोचली. केसांत, भुवयांवर पांढरी भुकटी तशीच. मुरलीधर सव्वापाचला गेले होते. एक हिसका, आणि संपलं. विनीताने लतिकाचे दोन्ही हात धरले आणि ती हंबरडा फोडून रडली.

कार्ड काढायचं कोणाला सुचलं नाही. सकाळपर्यंत त्याच्यावर सव्वीस 'येतो' जमले होते. आणि नऊ वाजता, कोणी निरोप पाठवला नसताना, कानोकानी कळून, ते सव्वीसच्या सव्वीस नर्मदेकाठी ग्वारीघाटाच्या स्मशानात हजर होते. रायपूरचे गृहस्थही रात्रीची गाडी धरून आले होते. सगळ्यांत पुढे, खांदा द्यायला, भय्यासाहेब.