मिरचीचे हात

कमलमावशी गेली हे कळलं तेव्हा आम्ही पथारीवर मिरचीचे देठ खुडत होतो. टेम्पोवाला गेटातूनच ओरडला, अन् मला रडू आलं पण डोळे पुसता येईनात, मिरचीचे हात ना... तशीच रडले.

नंदुरबारकडं लाल मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेला पथारी म्हणतात, अन् मावशी तिथं आमची मुकादम होती. मी बाळंतपणानंतर कामाला गेले तर पोरगी अंगावर पिणारी, घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून पथारीच्या कडेला झोळीत टांगून ठेवलेली. ती रडली अन् मी तशीच पळाले. मावशीनं पदर धरून मागं ओढलं. "व माय, आशे हात लाई पोरगीले लेशी का? तोंड भाजाई जाई तिन्हं!" मग तेल चोळलं, साबण लावला, माझ्या हातांचा वास स्वतः घेतला अन् मगच म्हणाली, "जाय आते, पाजी ये."

मॅनेजरसाहेब चिडले, "मावशी, ही पथारी आहे का पाळणाघर?"

"साहेब, तुम्हले येळवर भाकर नही भेटनी तं तुम्ही बी आख्खी पथारी डोकावर लेतस. ते तं लेकरू शे!"

बायका हसल्या, साहेबपण हसले. तेव्हापासून बाकीच्या बायकाही तान्ही लेकरं संगं आणायला लागल्या. तिच्यापुढं कोणी दुखणं लपवायचं नाही, म्हणून कामही भराभर व्हायचं...

ती गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. "आता मुकादम तू. तुझी पोरगी आण, बाकीच्यांची लेकरं उद्यापासून आत नकोत." नाही म्हटलं तर काम जाईल, नवरा ऊसतोडीला गुजरातला, मी कुठं जाऊ? हो म्हटलं तर बायकांना तोंड कसं दाखवू? मी खाली बघून पदराला हात पुसत राहिले, साहेबांनी तेच हो धरलं.

सकाळी आमच्यासोबत देठ खुडणारी सुनी गेटाबाहेर उभी, छातीशी तान्हं पोर. "ताई, मांगे फिरू का मी?"

गेटाची कडी माझ्याच हातात होती, साहेब बघत होते... मी कडी काढली. मुकादमला म्हणून सावलीत खुर्ची ठेवली होती, तिच्यावर सुनीला पाजायला बसवलं. मावशी खुर्चीत कधी बसलीच नाही, मिरचीची धूळ उडते त्या बाजूला बसायची, ठसका खात. ती जागा बायकांनी अजून मोकळी सोडलेली. मी तिथं जाऊन बसले अन् देठ खुडायला लागले. साहेब खुर्चीकडं निघाले होते...