सभासद क्रमांक अठ्ठ्याऐंशी

ठाकुर्लीच्या त्या वाचनालयात सरोजताई एकतीस वर्षं काउंटरला बसल्या, आणि पुस्तकं देण्याघेण्याइतकंच मन लावून त्यांनी आणखी एक काम केलं, ते म्हणजे खोडण्याचं. बायका पुस्तकात लिहायच्या हो! पेन्सिलीने, लपूनछपून. त्याला निमित्त होतं वाचनालयातल्या एका जुन्या सवयीचं. वाचलेलंच पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये म्हणून प्रत्येक जणी आपल्या सभासद क्रमांकाच्या पानावर बारीकसा ठिपका द्यायची. बेचाळीस नंबरवालीचा ठिपका बेचाळिसाव्या पानावर. पुस्तक उघडायचं, आपलं पान बघायचं, ठिपका असला की मुकाट्याने जागेवर ठेवायचं.

ठिपक्याला कुणाची ना नव्हती. पण काहींचं ठिपक्यावर भागायचं नाही. एखादी ‘बाई गं!’ लिहायची, एखादी नायकाला ‘मेल्या, बोल ना एकदाचं’ म्हणून दटावायची, कुणी नुसताच बदाम काढायची. दर सोमवारी सरोजताई खोडरबर घेऊन बसायच्या आणि ठिपके सोडून सगळं साफ करायच्या. पुस्तक कसं स्वच्छ दिसलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट.

सगळ्यात जास्त लिहिलेलं सापडायचं ते जुन्या प्रेमकथांमध्ये. त्यातली एक तर इतकी हातोहात फिरली की तिचं नाव कुणी घ्यायचंच नाही. ‘ती राजवर्धनवाली आहे का हो?’ असंच विचारायच्या. राजवर्धन म्हणजे नायक. सहा फूट उंच, कपाळाला कायमची आठी, बापजाद्यांचे कॉफीचे मळे. नायिकेला तिचं नाव विचारायच्या आधी हुकूम सोडणार, पावलोपावली मनगट धरणार, खोलीला बाहेरून कडी लावणार आणि शेवटच्या पानावर तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडणार. ते शेवटचं पान वाचता वाचता बायकांच्या भाज्या करपायच्या.

आणि ही राजवर्धनवाली सरोजताईंनी आपल्या स्वतःच्या मुलीला, ऐश्वर्याला, चौदाव्या वर्षी आपल्या हाताने दिली होती. शाळा सुटली की पोर काउंटरमागे बसायची, कंटाळायची, म्हणून दिली. त्यात काय मोठंसं, गोष्टच तर आहे, असं वाटलं होतं त्यांना.

आज ऐश्वर्या पंचवीस वर्षांची होती आणि उद्या, रविवारी, कल्याणच्या हॉलमध्ये तिचा साखरपुडा होता. मुलगा ऋतुराज. नोकरी चांगली, कल्याण पश्चिमेला स्वतःचा फ्लॅट, मोठ्यांसमोर वाकून नमस्कार. नातेवाईक म्हणाले, सरोज, नशीब काढलंस. सात वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून एकटीने संसार ओढणाऱ्या सरोजताईंनाही आधी तसंच वाटलं. मग ठाण्याला खोपटच्या दवाखान्यातली रिसेप्शनची नोकरी ऐश्वर्याने अचानक सोडली. ‘त्याला नाही आवडत गं’ म्हणाली. मग मैत्रिणींचे फोन बंद झाले. आणि गेले चार दिवस, मे महिन्याच्या असल्या उकाड्यात, पोरगी लांब बाह्यांचे कुर्ते घालून फिरत होती. सरोजताईंना ते दिसत होतं. विचारायला तोंड उघडायच्या आणि ‘चहा टाकू का?’ म्हणायच्या. हॉल ठरलेला, दीडशे माणसांना बोलावणं गेलेलं. विचारलं आणि ती हो म्हणाली तर पुढे काय करायचं, याचीच त्यांना धास्ती होती.

त्या शनिवारी घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून त्या मुलीला म्हणाल्या, ‘तासभर चल माझ्याबरोबर, जरा शांत बसशील.’ कसली शांती आणि कसलं काय! संचिता नावाची लॉ शिकणारी एक भारी तरतरीत मुलगी दर शनिवारी वाचनालयात बायकांना जमवून मोठ्याने वाचन करायची. त्या दिवशी तिने नेमकी राजवर्धनवालीच काढलेली. आठ-दहा जणी खुर्च्या ओढून बसल्या. वर पंखा गरगरत होता. ऐश्वर्या कोपऱ्यात बसली, फोन मांडीवर पालथा ठेवून.

संचिताने पान अठ्ठ्याऐंशी उघडलं आणि ठसक्यात वाचलं, ‘“हात सोडा माझा,” ती कळवळली. पण राजवर्धनची पकड अधिकच घट्ट झाली. “तू माझी आहेस,” तो गरजला.’ तिने पुस्तक मांडीवर आपटलं. ‘ए, हे काय आहे? ही सरळ सरळ पोलीस केस आहे! आणि ही बया पुढच्या पानावर लाजतेय?’

बायका खो खो हसल्या. फक्त रखमाबाई हसल्या नाहीत. बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर, वाचनालयाच्या सगळ्यात जुन्या सभासद. ‘हसा हो, तुम्हाला हसायला काय जातंय,’ त्या म्हणाल्या. ‘आम्ही काय त्याच्या दांडगाईवर भाळलो होतो? दांडगाई घरात होतीच. आम्ही वाचायचो ते शेवटच्या पानासाठी. तिथे तो माफी मागतो, रडतो. आमच्याकडे पुरुषाने माफी मागितलेली मी उभ्या जन्मात पाहिली नाही. ती पुस्तकात मिळायची, म्हणून न्यायचो.’

आणि मग कोपऱ्यातून ऐश्वर्या बोलली, थोडी चिडूनच.

‘मागतात काही जण माफी. सगळे सारखे नसतात. एखाद्याला राग पटकन येतो, पण नंतर तो खरंच रडतो. प्रेम असतं म्हणूनच राग येतो ना?’

तेवढ्यात फोन थरथरला. तिने तो असा झडप घालून उचलला की शेजारची बाई दचकली. ‘हो हो, इथेच आहे. आईसोबत. अरे खरंच. थांब, फोटो पाठवते.’ तिने हात वर करून काउंटरचा, आईचा फोटो काढला, आणि हात वर गेला तशी बाही कोपराकडे घसरली. मनगटाच्या वर, लायनीत, चार जांभळे डाग होते. अर्ध्या सेकंदात तिने बाही परत मनगटापर्यंत ओढली. सरोजताईंनी ते पाहिलं.

आणि त्यांना आठवली सभासद क्रमांक अठ्ठ्याऐंशी.

वीस वर्षं झाली असतील त्याला. सगुणाबाई म्हणायचे त्यांना. तोंडातून शब्द फुटायचा नाही, पण पेन्सिल दाबून धरायची सवय, इतकी की मागच्या पानावर वळ उठायचा. ठिपक्याच्या जागी त्या काहीबाही लिहायच्या आणि सरोजताई वैतागून खोडायच्या. एका सोमवारी याच पुस्तकात, याच पानाच्या समासात, सगुणाबाईंनी काहीतरी लिहिलं होतं. सरोजताईंनी ते वाचलं होतं. त्याच आठवड्यात त्या बाई हाताला प्लास्टर घालून आल्या होत्या, आणि सरोजताईंनी विचारलं होतं, ‘बाथरूममध्ये पडलात वाटतं?’ विचारलं कसलं, उत्तरच हातात दिलं. सगुणाबाईंनी मान हलवली होती.

‘संचिता, दे गं ते पुस्तक इकडे,’ सरोजताई म्हणाल्या. पुस्तक घेऊन त्यांनी तेच पान काढलं. समास कोरा होता. खोडायचं काम त्या चोख करायच्या ना! त्यांनी खणातून पेन्सिल घेतली, टोक आडवं धरलं आणि कागदावर हलक्या हाताने फिरवू लागल्या, लहानपणी नाण्यावर कागद ठेवून छाप काढतात तशी. राखाडी पट्टा पसरत गेला, आणि त्यात वीस वर्षांपूर्वीची अक्षरं पांढरी पांढरी उठून आली.

‘ऐशू, इकडे ये.’

‘काय गं? तो येईल आता.’

‘येऊ दे. आधी हे वाच.’

ऐश्वर्याने काउंटरवर वाकून वाचलं. समासात लिहिलं होतं : ‘माझं मनगट दोनदा मोडलं. माफी तो दर वेळी मागतो. रडतो पण. मग परत.’

तिने ते पुन्हा वाचलं, बोट ठेवून, पहिलीतल्या मुलीसारखं. सरोजताईंनी इतक्या दिवसांचा प्रश्न आता विचारलाच. ‘किती वेळा?’

‘आई, प्लीज. उद्या साखरपुडा आहे.’

‘साखरपुडा गेला खड्ड्यात. किती वेळा?’

बाहेर हॉर्न वाजला. एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा, मग लांबलचक. ऐश्वर्याने पर्स उचलली, खाली ठेवली, परत उचलली. तोवर ऋतुराज दारात आलाच. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर हसू, सगळ्यांना नमस्कार.

‘काकू, हिला नेतो हां. अंगठीचं माप सैल आहे, एक वाजताची वेळ दिलीये सोनाराला.’ मग ऐश्वर्याकडे वळून, तेच हसू ठेवून, ‘तीन वेळा हॉर्न वाजवला. ऐकू येत नाही?’

‘पाच मिनिटं थांब ना. आईशी जरा...’

‘चल,’ तो म्हणाला आणि त्याने तिचं मनगट धरलं. चार लोकांत धरावं तसंच धरलं, वरवर हलकंच. पण ऐश्वर्याने डोळे गच्च मिटले, कारण त्याची बोटं आधीच्याच जागेवर पडली होती. समोर आठ-दहा बायका बसल्या होत्या, त्यांनी दहा मिनिटांपूर्वी हेच पान ऐकलं होतं.

‘हात सोड तिचा,’ सरोजताई म्हणाल्या.

तो मोठ्याने हसला. ‘काय काकू! माझीच आहे ती.’

या वेळी कुणी हसलं नाही. रखमाबाई काठी टेकत उठून उभ्या राहिल्या. संचिता उठली. मग एकेक करत सगळ्याच खुर्च्या मागे सरकल्या. ऋतुराजने सगळ्यांकडे पाहिलं, आणि त्याचा हात सुटला. पुढच्याच क्षणी, अहो खरं सांगते, त्याचे डोळे भरून आले. ‘सॉरी, ऐशू. उद्याचं टेन्शन आहे गं. तुला माहितीये ना मी कसा आहे? तुझ्याशिवाय मी...’

ऐश्वर्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. सरोजताईंना वाटलं, गेली. आता ही जाणार त्याच्याबरोबर, आणि मी इथे काउंटरमागे उभी राहून बघणार.

‘चार वेळा, आई,’ ऐश्वर्या म्हणाली. बघत होती त्याच्याकडेच. ‘चारही वेळा असाच रडला.’ मग त्याला म्हणाली, ‘तू जा, ऋतुराज.’

‘आणि उद्या?’

‘उद्या काही नाहीये.’

त्याचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले. ‘काकू, समजवा हिला. दीडशे माणसं येतायत. तुमचीच शोभा होईल.’

‘होऊ दे,’ सरोजताई म्हणाल्या. त्या काउंटरच्या बाहेर आल्या आणि मुलीच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

तो गेला. गाडीचं दार धाडकन आपटलं. लगेच फोन वाजायला लागला, वाजतच राहिला, आणि ऐश्वर्याने तो बंद करून पर्समध्ये टाकला. तिने दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. रखमाबाईंनी तिला आपल्याजवळ बसवून घेतलं, संचिता पाणी घेऊन आली आणि पोलिसात कुठे, काय लिहून द्यायचं ते हळू आवाजात सांगायला लागली. सरोजताईंनी हॉलवाल्याला फोन लावला, मग कल्याणच्या दिराला. दीर तारस्वरात ओरडत होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि ठेवून दिला.

बायका पांगल्यावर ऐश्वर्या काउंटरशी आली. पुस्तक तसंच उघडं पडलं होतं. तिने त्या पांढऱ्या अक्षरांवरून हलकेच बोट फिरवलं.

‘या बाई आता कुठे असतात गं? पुढे काय झालं यांचं?’

सरोजताईंनी जुन्या कार्डांचा खण ओढला. अठ्ठ्याऐंशी नंबरचं कार्ड सापडलं. त्यावर शेवटचं पुस्तक होतं राजवर्धनवाली, दिल्याची तारीख होती, परत आल्याची होती. त्याखाली काही नव्हतं. पत्त्यावरची चाळ पाडूनही आता बरीच वर्षं झाली होती.

‘माहीत नाही,’ त्या म्हणाल्या, आणि सकाळपासून धरून ठेवलेलं रडू त्यांना आता आवरेना. ‘मी विचारलंच नाही गं. तिने मला लिहून सांगितलं होतं. मी ते खोडलं आणि पुस्तक दुसरीला दिलं.’